बाज आणि खाट : बाळंतिणीच्या सव्वा महिन्याचा इतिहास

सीताबर्डीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते १८१७ च्या लढाईमुळे. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात २६ आणि २७ तारखेला नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज कंपनीची फौज या टेकड्यांवर एकमेकांना भिडली, आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि नागपूरच्या स्वतंत्र राज्याचे दिवस भरत आले. टेकडीवरचा किल्ला आजही लष्कराकडे आहे. पायथ्याशी बाजारपेठ वाढली आणि नागपूरकरांच्या तोंडी तिचे नाव नुसते 'बर्डी' असे झाले. याच बर्डीत विदर्भ साहित्य संघाची वास्तू आहे. मराठीच्या प्राध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे पाय तिकडे सहज वळतात. तिथून फार दूर नसलेल्या मातृ सेवा संघाच्या रुग्णालयाकडे मात्र आपण वाङ्मयाच्या किंवा इतिहासाच्या नजरेने क्वचितच पाहतो. १९२१ साली नागपुरात स्थापन झालेल्या या संस्थेने लढाईइतक्याच गंभीर प्रश्नाला हात घातला होता. मूल जन्माला आल्यावर त्या बाईचे पुढे काय होते, हा तो प्रश्न.

बाळंतपणाचा इतिहास आपण सहसा मृत्यूंच्या हिशेबाने मांडतो. तो हिशेब महत्त्वाचा आहेच. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८ ते २०२० या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. वैद्यकशास्त्र मातामृत्यू मोजताना बाळंतपणानंतरचे ४२ दिवस धरते. आपल्या घरांतला 'सव्वा महिना' याच्या जवळपास जातो, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. पण जी बाई या ४२ दिवसांत मेली नाही ती जगली कशी, हे हा आकडा सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या जीवनमानाचा दर्जा जोखण्यासाठी जी छोटी प्रश्नावली तयार केली, तिच्यात २६ प्रश्न आहेत आणि त्यांची विभागणी चार क्षेत्रांत केली आहे : शरीर, मन, नातेसंबंध आणि भोवतालची परिस्थिती. हे चार शब्द हाताशी ठेवून मराठी बाळंतिणीच्या सव्वा महिन्याकडे पाहिले तर काय दिसते, आणि १९२१ साली त्यात नेमका कोणता बदल झाला, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

साधनांची अडचण पहिल्या पावलालाच येते. बखरींत राण्यांची बाळंतपणे येतात ती वारसाच्या जन्मासाठी. मूल जन्मले की बखरकार आईकडे पाठ फिरवतो. त्यामुळे सुरुवात भाषेपासून करणे भाग आहे. मराठीत 'बाळंत' या शब्दाभोवती केवढा संसार उभा आहे! बाळंतखोली, बाळंतकाढा, बाळंतशेप, बाळंतविडा, बाळंतरोग. यांतला बाळंतविडा मुलाचा, म्हणजे अंगडी-टोपडी-दुपट्यांचा. बाकीचे शब्द बाईच्या शरीराचे आहेत. तिला काय खाऊ घालावे, काय पाजावे, कशाने शेकावे, कशाची धुरी द्यावी, याचे तपशीलवार शास्त्र घरोघरी होते. डिंक, अळीव, मेथी, सुंठ, ओवा, शेपा. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. तेलाचे मर्दन आणि कढत पाण्याची न्हाणी. कानाला बांधलेले फडके. शरीराची अशी काळजी घेणारी परंपरा टाकाऊ म्हणता येणार नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी यावी या रिवाजानेही नात्यांच्या अंगाने मोठे काम केले. जात्यावरच्या ओव्यांत बाळंतपण आणि माहेर इतके जवळजवळ का येतात, याचे उत्तर या रिवाजात आहे. सासरी कामाला जुंपलेल्या मुलीला आईच्या हाताखाली काही आठवडे पडून राहता येई, ही तिच्या आयुष्यातली विरळा सवड होती.

परंतु ही सवड कोणत्या नावाखाली मिळत होती, हेही पाहिले पाहिजे. बाळंतीण बाजेवर पडून राहू शके, कारण ती विटाळशी होती. घरच्यांचे सोयर दहा दिवसांनी फिटे; तिचा स्वयंपाकघरातला आणि देवघरातला प्रवेश त्याहून लांबत असे. तिला पाणी भरायला, चूल फुंकायला, दळायला लावायचे नाही, कारण तिचा स्पर्श चालत नाही. म्हणजे विश्रांती मिळाली ती थकलेल्या शरीराची गरज म्हणून नव्हे, अशुद्धतेची सोय म्हणून. दोन्हींचा व्यवहारातला परिणाम काही अंशी सारखा दिसतो, पण फरक मोठा आहे. गरज ओळखून दिलेली विश्रांती शरीर भरून येईपर्यंत चालते. विटाळापायी मिळालेली विश्रांती विटाळ फिटला त्या दिवशी संपते. शिवाय विटाळाबरोबर अंधारी, कोंदट खोली येते, खिडक्या बंद होतात, जुनी फडकी वापरात येतात आणि तापाची चाहूल लागली तरी वैद्याला आत बोलावले जात नाही. व्हिएन्नातील सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये हात धुण्याचा आग्रह धरून सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने खाली आणले होते. पण स्वच्छ हात आणि शुद्ध हात या आपल्याकडे दोन वेगळ्या कल्पना होत्या, आणि बाळंतखोलीत दुसऱ्या कल्पनेचे राज्य होते.

या व्यवस्थेतली सर्वांत विलक्षण व्यक्ती म्हणजे सुईण. तिच्याशिवाय बाळंतपण होत नसे. बहुतेक ठिकाणी ती खालच्या मानलेल्या जातीतली असे. नाळ कापायची, रक्त धुवायचे, बाईला शेकायचे, ही कामे तिची. सोयर असेपर्यंत तिचा स्पर्श चाले. सोयर फिटले की तीच बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर उभी राही. मुलाला ज्या हातांनी जगात आणले, ते हात बारशाच्या पाळण्याला लागत नसत. तिच्या अनुभवसिद्ध ज्ञानाला मान नव्हता आणि त्या ज्ञानात भर पडण्याची सोयही नव्हती. आयुर्वेदाच्या संहितांत सूतिकागाराची रचना, सूतिकेचा आहार यांचा विचार आहे. पण ते ज्ञान संस्कृतात होते आणि काम करणाऱ्या हातांना अक्षरओळख नव्हती.

आणि डिंकाचे लाडू सगळ्यांच्या घरी नव्हते. आपल्या अभ्यासक्रमांत असलेले बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. महारवाड्यातल्या कोवळ्या वयाच्या मुलींची बाळंतपणे त्यांनी ज्या कठोर तपशिलाने लिहिली आहेत, त्यात शेक आणि काढा यांच्या आधी भूक येते. बाळंत झालेल्या बाईच्या पोटात घालायला घरात काही नाही, रक्तासाठी पुरेशी फडकी नाहीत, हे ते वास्तव आहे. इथे सव्वा महिना हा शब्द पोकळ होतो. शेतावर, खाणीत, गिरणीत राबणाऱ्या बाईला विटाळाची विश्रांतीही परवडत नव्हती. तेव्हा 'मराठी बाळंतीण' असा एकवचनी उल्लेख करताना कोणत्या घरातली आणि कोणत्या जातीतली, हे विचारावे लागते.

चार क्षेत्रांपैकी मनाचे काय? पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. त्यासाठी कोरा कागद आणि लेखणीही ठेवली जाते. शेजारीच बाजेवर पडलेल्या आईच्या मनात काय चालले आहे, हे लिहून घेणारी देवता आपल्या लोकधर्मात सापडत नाही. तिचे गप्प होणे, रडणे, मुलाला जवळ न घेणे यांना बाहेरची बाधा, नजर, वारा अशी नावे मिळत. या नावांनी तिला दोषातून काहीसे सोडवलेही असेल. पण तिचे ऐकून घेण्याची जबाबदारीही त्यांनीच टाळली.

या मौनाचे सर्वांत भीषण रूप विधवेच्या बाळंतपणात दिसते. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच कारणासाठी. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर टीका उसळली. त्या संतापातून विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. या पुस्तकाची चर्चा आपण स्त्रीवादाचा आरंभ म्हणून करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या चर्चेत एक गोष्ट निसटते. या सगळ्या वादळाच्या मध्यभागी एक नुकतीच बाळंत झालेली, एकटी, भ्यालेली बाई आहे. तिला सव्वा महिना नाही, माहेर नाही, सुईणही चोरूनच.

सुधारणेची पावले त्याच दशकात पडू लागली. आनंदीबाई जोशी वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर पंडिता रमाबाईंनी स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने निधी उभा राहिला आणि देशभर स्त्रियांसाठी दवाखाने निघाले. नागपुरात डफरिन रुग्णालय झाले. शतक संपता संपता स्कॉटिश मिशनने सीताबर्डीत स्त्रियांसाठी म्यूर मेमोरियल रुग्णालय सुरू केले. तरीही सुस्थित घरांतल्या बायका तिकडे सहज जात नव्हत्या. रुग्णालय ही मरणाच्या दारातली जागा, तिथे परक्यांचा स्पर्श, परक्यांचे अन्न, धर्मांतराची भीती आणि घरचे कोणी जवळ नाही, अशी समजूत होती. डॉक्टर उपलब्ध होणे आणि बाईने तिच्यापर्यंत पोहोचणे, यांत मोठे अंतर होते. ते कोणी तोडायचे, हा खरा प्रश्न होता.

नागपुरात ते अंतर एका परिचारिकेने तोडले. कमलाबाई होस्पेट यांचा जन्म १८९६ चा. बालवयात लग्न, लगेच काही वर्षांत वैधव्य. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा मुलीपुढे माहेरच्या किंवा सासरच्या माजघरात उरलेले आयुष्य काढणे एवढाच मार्ग होता. कमलाबाईंनी डफरिन रुग्णालयात परिचर्येचे आणि सूतिकाशास्त्राचे शिक्षण घेतले. १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्या साथीने त्यांनी मोजक्या खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले आणि त्यातून मातृ सेवा संघ उभा राहिला.

तो काळही लक्षात घ्यावा लागेल. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची फार मोठी हानी झाली होती आणि गरोदर स्त्रियांना ही साथ विशेष घातक ठरली होती. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेच्या इतिहासातले लोकसंख्या घटल्याची नोंद असलेले एकमेव दशक आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले आणि देशसेवा हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याच शहरात पुढच्याच वर्षी दोन बायकांनी सेवा हा शब्द देशाऐवजी मातेला जोडला. संस्थेच्या नावात 'बाल' नाही, 'प्रसूती' नाही, 'मातृ' आहे. मूल हा वंशाचा आणि राष्ट्राचा ठेवा म्हणून आईची काळजी घ्यावी, असा युक्तिवाद त्या काळात सर्वत्र ऐकू येत होता. या नावात मात्र आई स्वतःच सेवेचा विषय आहे.

या घटनेतला सर्वांत मोठा बदल मला 'हाता'चा वाटतो. बाळंतपणाच्या मंगल विधींत विधवेला स्थान नव्हते. ओटी, पाळणा, बारसे यांत तिची सावली नको असे. आणि रक्ताला हात लावणे हे सुईणीचे, म्हणजे हलके मानलेले काम. उच्चवर्णीय घरातली एक विधवा ही दोन्ही कुंपणे एकाच वेळी ओलांडून बाळंतिणीच्या खाटेपाशी उभी राहते. जिला अशुभ ठरवले ती, जिला अशुद्ध ठरवले तिची शुश्रूषा करते. तिचे हात सेमेलवाइसच्या अर्थाने स्वच्छ आहेत, ती आपली भाषा बोलते, तिला घरच्या रीती माहीत आहेत, आणि ती विटाळ मानत नाही. मिशनच्या रुग्णालयाकडे न वळणारी बाई इथे येऊ लागली, याचे कारण या चार गोष्टींच्या एकत्र येण्यात शोधावे लागेल. बाजेवरून खाटेवर आलेल्या बाईला विश्रांती मिळू लागली ती पहिल्यांदाच शरीराची गरज म्हणून.

याला मर्यादाही होत्या, आणि त्या सांगणे आवश्यक आहे. नव्या परिचारिकेच्या उदयाबरोबर जुनी सुईण मागे सरली. तिचे ज्ञान 'अडाणी' ठरले. ज्या कामामुळे तिला विटाळाची वागणूक मिळाली, तेच काम सुशिक्षित हातांत गेल्यावर 'सेवा' झाले. या बदलात कोणाला प्रतिष्ठा मिळाली आणि कोणाची रोजी गेली, याचा विचार आपल्या सामाजिक इतिहासाने पुरेसा केलेला नाही. आणखी एक तुलना उद्बोधक आहे. त्याच १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. कर्वे विचारत होते, बाईवर बाळंतपण कितीदा लादायचे? कमलाबाई विचारत होत्या, बाळंतपण झाल्यावर तिला कसे जपायचे? कर्व्यांच्या वाट्याला उपेक्षा आणि खटले आले. कमलाबाईंना समाजाने मान दिला, १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. मातृत्वाचा गौरव करणाऱ्या समाजाला दुसरा प्रश्न पचला, पहिला पचला नाही.

प्रसूतिगृहाच्या खाटेवरून बाई उठली की ती पुन्हा कामावर जाणार, आणि तिथे कायद्याचा प्रश्न येतो. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती आणि गिरणीकामात स्त्रियाही होत्या. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून तिचा भार शासनानेही उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १९३० मध्ये मध्य प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. मुंबईच्या कायद्याने बाळंतपणानंतर चार आठवडे त्या बाईला कामावर घेण्यास मनाई केली. चार आठवडे म्हणजे सव्वा महिन्याहूनही कमी. तरी विश्रांती आता रूढीऐवजी हक्काच्या भाषेत बोलली जाऊ लागली. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, बाबासाहेबांनी भाषण केले आणि फार मुले होऊ देऊ नका, असे स्त्रियांना सांगितले. कर्व्यांचा प्रश्न नागपुरात उघडपणे, आणि दलित स्त्रियांच्या व्यासपीठावर, बोलला गेला तो असा.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या कायद्याने एकूण बारा आठवडे दिले. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी त्यांचे सव्वीस झाले. पण तो कायदा लागू झाला तो आस्थापनांतल्या नोकरदार स्त्रियांना. शेतमजूर आणि घरकामगार बाई त्याच्या बाहेरच राहिली. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. बाळंतीण खाटेवर आली खरी, पण साधारण बाळंतपणात तिथला मुक्काम सरकारी निकषाप्रमाणे ४८ तासांचा. उरलेला सव्वा महिना पुन्हा घरात, आणि घरात आता सुईणही नाही.

त्या उरलेल्या दिवसांत काय घडते, याचा पद्धतशीर हिशेब विदर्भातच मांडला गेला. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात घरी बाळंत होणाऱ्या ७७२ स्त्रियांचा पाठपुरावा केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ४३ टक्के स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या दिवसांत काही ना काही आजार झाल्याचे आढळले. मनाचा हिशेब गोव्यात झाला. म्हापशाच्या रुग्णालयात आलेल्या मातांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त असल्याचे दिसले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध होता. मुलगी झाली म्हणून आई खचते, हे ओव्या रचणाऱ्या बायकांना आधीच ठाऊक असणार. ते शास्त्राच्या नोंदीत यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. राणी बंग यांच्या स्त्री-आरोग्यावरील मराठी पुस्तकाचे नाव 'कानोसा' असे आहे. बाळंतिणीच्या इतिहासात जे शतकानुशतके झाले नाही, ते नेमके हेच.

मराठीच्या अभ्यासकांसाठी यातून एक काम निघते. कमलाबाई १९८१ मध्ये गेल्या, पण त्यांच्या संस्थेत आणि विदर्भातल्या इतर प्रसूतिगृहांत काम केलेल्या वयोवृद्ध परिचारिका, खेड्यांतल्या उरल्यासुरल्या सुइणी आणि त्यांच्या हातून बाळंत झालेल्या बायका अजून बोलू शकतात. त्यांच्या बोलीतले शब्द, म्हणी, शेकाचे आणि धुरीचे तपशील, न सांगितलेली भीती, हे सारे नोंदवून ठेवणे हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचे काम आहे, कारण ते मुळात ऐकण्याचे आणि शब्दांचे काम आहे. एम.ए.च्या एखाद्या तुकडीने बर्डीपासून सुरुवात केली, पाच बायकांच्या जरी आठवणी त्यांच्याच भाषेत उतरवून घेतल्या, तरी बखरकाराने जिथे पाठ फिरवली तिथून पुढचा मजकूर लिहायला प्रारंभ होईल.